बोंबों आणि बोंबाबोंब

फ्रेंच माणूस निम्मी अक्षरं गिळतो आणि उरलेली नाकातून सोडतो. त्यामुळे चघळायच्या गोळीला तो 'बोंबों' म्हणाला, की मराठी कानाला एकदम शिमगा आठवतो. प्रत्यक्षात 'बों' म्हणजे चांगलं. एकदा म्हणून जिभेचं समाधान होईना, म्हणून दोनदा म्हटलं. झाली व्युत्पत्ती!

हे काम पंडितांचं नव्हे, बाळबोलीचं. फ्रेंच पोरं झोपतात म्हणजे 'दोदो' करतात, त्यांचं खेळणं 'झुझू' आणि खरचटलं की 'बोबो'. आपल्याकडे तिथं 'बाऊ' होतो. भोकाड मात्र दोन्हीकडे एकाच पट्टीत.

खरं तर या भाषेवर पहारा कडक. १६३५ साली कार्डिनल रिशल्यूनं फ्रेंच अकादमी स्थापली. तिचे सदस्य चाळीस, बिरुद 'अमर', अंगात हिरव्या वेलबुट्टीचा कोट आणि बहुतेकांच्या कमरेला तलवार. शुद्धलेखनासाठी तलवार बाळगणारे दुसरे लोक माझ्या ऐकिवात नाहीत! पण बंदोबस्ताला उशीर झाला. सतराव्या शतकाच्या आरंभीच 'बोंबों' कागदावर उतरला होता. चाळीस अमरांच्या आधी बोबडे आत शिरले.

पुढे शब्द मोठ्यांच्या हाती लागला आणि महागला. गोळ्या ठेवायला चांदीच्या, चिनी मातीच्या नक्षीदार डब्या आल्या, त्या 'बोंबोनिएर'. हॉलंडात 'बोंबों' म्हणजे आत सारण भरलेलं चॉकलेट. जर्मनांनी तर खोकल्याच्या गोळीलाही हेच नाव लावलं. औषधाला दोनदा 'चांगलं' म्हणायला जर्मन छातीच हवी.

आता गंमत पाहा. खडीसाखरेसाठी फ्रेंचांचा शब्द 'कांदी'. तो अरबी-फारसी 'कंद'वरून आलेला, आणि त्याचं मूळ आपल्या संस्कृत 'खंड'मध्ये. इंग्रजांची 'कँडी' याच वाटेनं पुढे गेली. म्हणजे शहाण्यासुरत्या मोठ्यांनी गोडासाठी शब्द आणला तो उसना, दोन-तीन मुलखांतून फिरून आलेला. दुधाच्या दातांनी मात्र घरच्या घरी, फुकटात पाडला आणि तोच युरोपभर खपला.

तेव्हा घरात नुकतं बोलू लागलेलं पोर असेल, तर त्याचे उच्चार सुधारायची घाई करू नका. आधी वही काढा आणि लिहून घ्या.