दोन मतं, एक डिकी

गाडीनं जायचं की विमानानं, हा प्रश्न कोल्हापुरात विचारणं म्हणजे विमानाला उगाच आशा लावणं. ज्याच्या दारात गाडी आहे, तो हिशेब मांडतो खरा, पण उत्तर आधी लिहून मग आकडे भरतो. मी तेच केलं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला दोन रकाने पाडले. बंगळूर, म्हैसूर, हंपी, बदामी असा बेत होता. गाडीच्या रकान्यात पेट्रोल आणि टोल, बास. विमानाच्या रकान्यात तिकिटं, उजळाईवाडीपर्यंतची रिक्षा, पुढच्या टॅक्स्या आणि विमानतळावरचा चहा, तोही माणशी दोन कप. गाडी दणक्यात जिंकली.

"दाजी, ही निवडणूक काय खरी न्हाई," मेव्हणा म्हणाला.

हंपीला इथून थेट विमान नाही, हा माझा हुकमाचा पत्ता. विमानानं आधी बंगळूर गाठायचं आणि मग साडेतीनशे किलोमीटर उलटं, कोल्हापूरच्या दिशेनं यायचं. म्हणजे जी गावं बघायची, तीच मागं टाकायला पैसे मोजायचे. यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. आईकडे होतं.

"राजाराम महाराजांनी विमानतळ केला 1939 साली. आता कमानीबिमानी लावून नवा केला. आणि मी अजून विमानात बसलो न्हाई."

विषय संपला. तडजोड मीच सुचवली आणि तिच्याबद्दल स्वतःवर खूश होऊन रात्री एक भाकरी जास्त खाल्ली. आई, बायको आणि मुलगी विमानानं बंगळूरला जाणार. मी आणि मेव्हणा गाडीनं, सगळं सामान घेऊन. तिथून पुढं सगळे मिळून गाडीतून फिरत फिरत घरी. सगळ्यांनी माना डोलावल्या.

विमानात सामानाला वजनाची अट, म्हणून तिघी खांद्याला पर्स लावून निघाल्या. बाकीचं माझ्याकडे. त्यात कांदा-लसूण चटणीचा डबा, जयसिंगपूरचं भडंग आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेतं म्हणून विमानात नेऊ देत नाहीत, ते माझ्या पाठीमागं खुशाल ठेवलं होतं. आरशात रस्त्याऐवजी निळी सुटकेस दिसत होती. कागल, कोगनोळीचा टोल, निपाणी, तवंदी घाट, बेळगाव. धारवाडला पेढे घेतले, म्हणजे सामानात भर. हावेरीजवळ आईचा फोन आला.

"पोचलो बघ. दीड तास. खिडकीतनं ढग दिसले. तुम्ही कुठं?"

"हावेरी."

"अजून?"

रात्री बंगळूरला लॉजच्या दारात गाडी लागली तेव्हा तिथल्या रखवालदारानं माणसं मोजली, मग गाडीत डोकावून बॅगा मोजल्या, मग माझ्याकडं बघितलं. जाताना दोन माणसं आणि पाच जणांचं सामान होतं. आता पाच माणसं आणि पाच जणांचं सामान. रकाने पाडणाऱ्याच्या डोक्यात हे आलं नव्हतं. शिवाय मेव्हणा पूर्वी तालमीत जायचा. तालीम सुटली, अंग राहिलं. मागच्या सीटवर तो एकटाच दोन तिकिटांचा.

म्हैसूरपर्यंत आई पुढं मांडीवर बॅग घेऊन बसली. राजवाड्यावर रविवारी संध्याकाळी जवळपास लाखभर दिवे एकदम लागतात. सगळं आवार 'अहाहा' करत होतं, मी डिकीचा विचार करत होतो. त्यात म्हैसूरपाक, चंदनाचा साबण आणि बायकोची रेशमी साडी. शेवटी दोन बॅगा पार्सलनं कोल्हापूरला धाडल्या. त्याची पावती कुठल्या रकान्यात घालायची, हे कुणी विचारलं नाही. पाठवलेली निळी सुटकेस माझ्या कपड्यांची होती, हे हंपीत आंघोळीनंतर कळलं. चटणीचा डबा मात्र सुखरूप होता.

म्हणून विठ्ठल मंदिराच्या आवारात मी मेव्हण्याच्या टी-शर्टात उभा होतो. तो गुडघ्याच्या जरा वर संपत होता आणि पाठीवर ठळक अक्षरांत 'पैलवान' लिहिलेलं होतं. गाईडनं अक्षरं वाचली, पुढं येऊन माझे दंड बघितले आणि मुकाट्यानं दगडी रथाकडं वळला. मुलगी पन्नासची नोट काढून त्यावरचा रथ समोरच्या रथाशी ताडून बघत होती. नोटेवर पैलवान नव्हता, एवढंच बरं.

आई मात्र गाभाऱ्यापुढं रमली. भानुदासांनी इथून पांडुरंग पंढरीला परत नेला, ती कथा तिनं आम्हाला सांगितली. कथेत मूर्ती इतकी लहान होते की भानुदासांना, म्हणजे संत एकनाथांच्या पणजोबांना, ती सहज नेता येते.

"देवाला कळलं," ती गाडीकडं बघत म्हणाली, "बॅगांना न्हाई कळलं."

बदामीची लेणी चालुक्यांची, सहाव्या शतकातली. पायऱ्या चढताना मला पुढच्या सहलीचा हिशेब सुचत होता, या वेळी डिकीसकट. मी तो मोठ्यानं बोलून दाखवला. आई पायरीवर टेकली, पदरानं वारा घेतला आणि म्हणाली, "पुढच्या खेपेला आम्ही सगळेच विमानानं जातो. तू आपली गाडी घेऊन ये."

मेव्हणा लगेच म्हणाला, "मी पण विमानानं, दाजी."