शीट २८, चौकोन आय, मुक्काम पोस्ट चिखल

पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईपर गावाभोवतालच्या चिखलाला ब्रिटिश लष्करानं पत्ता दिला होता. ढोबळ नव्हे, पाच यार्डांपर्यंत नेमका. समोरून गोळ्या येत असताना एखाद्या तुटक्या काटेरी तारेचाही पत्ता असायचा: २८.आय.२९.सी.४५.६०, असल्या थाटाचा.

वाचायचा तो असा. २८ हा नकाशाच्या शीटचा क्रमांक. त्या शीटवर ए ते एक्स असे चोवीस मोठे चौकोन. प्रत्येकाच्या पोटात हजार-हजार यार्डांचे तीस किंवा छत्तीस छोटे चौकोन, आणि छोट्याचे पुन्हा चार तुकडे: वर ए आणि बी, खाली सी आणि डी. त्या तुकड्यात आधी पूर्वेला मोजायचं, मग उत्तरेला. हे चौकोन यार्डांत, पण त्याच नकाशावरच्या उंच्या मीटरमध्ये, कारण मूळ नकाशे बेल्जियन. इंग्रज माणूस परक्या मुलखात मरायला तयार होता, मीटरनं चालायला नाही.

हे सगळं मी गाडीत समजावून सांगत होतो. गाडी मेहुण्याची. तो अँटवर्पला सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि सुट्टीच्या दिवशी बहीण-मेहुण्यांना कालवे आणि चॉकलेटची दुकानं दाखवायची त्याची तयारी होती. खंदक शोधायचे आहेत म्हटल्यावर त्यानं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं खिडकीबाहेर पाहिलं.

“भाऊजी, हे आकडे फोनमध्ये टाकले की अक्षांश-रेखांश मिळतात. एवढा मोठा कागद कशाला उलगडताय? मला आरसा दिसत नाहीये.”

फोननं आम्हाला बिनचूक नेलं. निळा ठिपका थांबला तो एका टुमदार बंगल्याच्या गॅरेजवर. जुन्या नकाशावर त्याच ठिकाणी तीन खंदक एकमेकांना येऊन मिळत होते. आता तिथे शटर होतं.

“आता काय, बेल वाजवून विचारणार?” ही म्हणाली. “तुमच्या गाडीखाली आमचा खंदक आहे का?”

मी तिला खंदकांच्या नावांकडे वळवलं. ब्रिटिश खंदकांना सैनिकांनी घरच्या रस्त्यांची नावं दिली, पण जर्मन खंदकांचं बारसं इंग्रजांनी नकाशावर बसून केलं. ‘जे’ चौकोनात जॅकडॉ आणि जेहोवा, ‘आय’ चौकोनात इमेज क्रेसेंट. बाळाच्या राशीवरून आद्याक्षर काढावं, तसं चौकोनावरून काढलेलं. म्हणजे नुसतं नाव ऐकूनच तोफखान्याला कुठल्या चौकोनात मारा करायचा ते कळे.

“आणि ही लाल रेघ कुणाची?” मेहुण्यानं विचारलं. प्रश्न चांगला होता. युद्धाची बहुतेक वर्षं ब्रिटिश नकाशांवर लाल खंदक जर्मनांचे आणि निळे ब्रिटिशांचे. १९१८ साली फ्रेंचांशी मेळ बसावा म्हणून रंगांची अदलाबदल झाली. तेव्हा कोपऱ्यातली तारीख न बघता निघालेला माणूस थेट शत्रूच्या दारात चहा मागायला उभा राहायचा.

पुढचा मुक्काम आय.२९.सी, म्हणजे ‘हिल ६०’. समुद्रसपाटीपासून साठ मीटर, म्हणून साठ. एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्गासाठी खोदलेली माती बाजूला टाकली, तिचा हा ढिगारा. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला त्याला टेकडी म्हणायला धीर लागतो. ही लाकडी पायवाटेवरून टोकापर्यंत गेली आणि तिथून विचारती झाली, “चढ कुठून सुरू होतो?”

पण सपाट फ्लँडर्समध्ये एवढी उंची पुष्कळ. वर असलेल्याला ईपरपर्यंतचं सगळं दिसे, म्हणून या ढिगाऱ्यासाठी माणसं खाली बोगदे खणत गेली. ७ जून १९१७ च्या पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी मेसीनच्या उंचवट्याच्या रांगेखालचे एकोणीस सुरुंग उडवले, त्यांतला एक इथे. जे सगळं नकाशावर पाच यार्डांत बसवलेलं होतं, तेच क्षणात हवेत गेलं. आता गवताखाली जमीन खालीवर होते, एक काँक्रीटचं बंकर तिरकं पडलेलं आहे, आणि खंदक म्हणावा असा एकही नाही.

“सगळे सुरुंग उडाले?” मेहुण्याचा आवाज थोडा बदलला होता.

“सगळे नाही. न उडालेल्यांतला एक १९५५ साली वादळात उडाला. इथून लांब, प्लूगस्टीर्टकडे. एक गाय मेली.”

“आणि बाकीचे?”

मी नकाशाची घडी घालू लागलो. त्याला ते उत्तर पुरेसं वाटलं नसावं, कारण गाडीकडे परतताना तो पायवाटेच्या बरोबर मधून चालला.

वाटेत तो आडोसा शोधत एका विजेच्या खांबामागे गेला आणि गेला त्याहून दुप्पट वेगानं परत आला. खांबाच्या बुडाशी गंजलेला तोफगोळा ठेवलेला होता. इथले शेतकरी नांगरताना वर आलेले गोळे रस्त्याकडेला आणून ठेवतात आणि लष्कराचं पथक येऊन घेऊन जातं. शंभर वर्षं उलटली तरी पीक थांबलेलं नाही. मेहुणा म्हणाला की त्याला आता जायची गरज नाही.

शेवटचा पत्ता माझ्या खास आग्रहाचा. चौकोन आयच्या बरोबर वर सी, त्यातला २८: वील्ट्ये. २२ एप्रिल १९१५ ला जर्मनांनी ईपरसमोर क्लोरीन वायू सोडला, त्यानंतर घाईघाईनं इकडे आणली गेली ती आपली लाहोर डिव्हिजन. २६ तारखेला उघड्या उतारावरून तिनं हल्ला चढवला. त्या दिवशी जमादार मीर दस्तनं वील्ट्येजवळ आठ ब्रिटिश आणि हिंदी अधिकाऱ्यांना गोळीबारातून सुरक्षित जागी पोचवायला हातभार लावला आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. या डिव्हिजनबरोबर युरोपात आलेले सॅपर्स, म्हणजे खंदक खणणारे सैनिक, थेट खडकीचे. इतक्या पूर्वेच्या माणसांना इतक्या पश्चिमेला आणून खणायला लावलं, आणि जागा मात्र आधी पूर्वेला मोजून मग उत्तरेला लिहायची!

वील्ट्येला आज ए१९ महामार्ग पोचतो आणि तिथेच संपतो. पुढे नेण्याचा बेत होता, पण वाटेत रणभूमी. पुरातत्त्ववाल्यांनी खणून पाहिलं, खाली खंदक निघाले, रस्ता काही पुढे सरकला नाही. मला हा खंदकांचा सर्वांत यशस्वी बचाव वाटतो. फोनमधली बाई मात्र दर मिनिटाला यू-टर्न घ्यायला सांगत होती.

मेहुण्यानं आवाज बंद केला, नकाशा स्वतःकडे ओढला आणि बराच वेळ बोटानं मोजत बसला. मग त्यानं बायकोला संदेश पाठवला: “शीट २८, सी.२८.बी. निघतोय.”

तिचं उत्तर लगेच आलं: “येताना दूध आण.”