नंबरकाका

रांग दिसली की नंबरकाका आधी तिच्यात उभे राहतात आणि ती कशाची आहे हे मग विचारतात. "एवढी माणसं उभी आहेत म्हणजे आत काहीतरी असणारच," हा त्यांचा हिशेब. खरं नाव खाली सोसायटीच्या पाटीवर आहे, पण समोरून कोणीही आलं तरी "काय, नंबर लागला का?" हाच त्यांचा 'नमस्कार, कसे आहात', त्यामुळे पाटीवरचं नाव आता फक्त पोस्टमनच्या उपयोगाचं उरलं आहे.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. फोनसाठी अर्ज करून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे त्या काळात दिवसभर ते खिडकीच्या आत असायचे आणि संध्याकाळी रॉकेलचा डबा घेऊन दुसऱ्या एका खिडकीच्या बाहेर. त्यामुळे दोन्ही बाजूंचं शास्त्र त्यांना तोंडपाठ. नंबरावर पिशवी ठेवून चहाला जाता येतं. मात्र पिशवीत दगड हवा, नाहीतर वाऱ्याबरोबर नंबरही जातो. पुढच्याचं नाव विचारून ठेवावं, मागच्याला आपलं सांगून ठेवावं. मध्ये घुसणाऱ्याशी कधी भांडू नये. त्याला मोठ्यांदा "या, या, आम्ही काय उगाचच उभे आहोत!" म्हणावं; पुढचं रांग बघून घेते. बजाजची स्कूटर बुक केली तेव्हा काकांचं लग्न ठरायचं होतं आणि स्कूटर दारात आली तेव्हा पुढे उभं राहायला मुलगा तयार होता. हे ते तक्रार म्हणून नाही, पराक्रम म्हणून सांगतात.

तोच मुलगा पुढे ईऑन आयटी पार्कात लागला आणि काका पुण्यातल्या पेठेतून उठून खराडीत अकराव्या मजल्यावर आले. इथं त्यांचे हाल झाले. दूध ॲपवर, किराणा ॲपवर, विजेचं बिल ॲपवर. चंदननगरच्या भाजीबाजारात गेले, तर तिथं रांग नाहीच. सगळे एकदम बोलतात आणि भाजीवाली सगळ्यांना एकदम उत्तर देते. काका कोमेजत चालले होते. अशात कोरोनाची लस आली.

८ डिसेंबर २०२० ला इंग्लंडात सर्वसामान्यांना लस द्यायला सुरुवात झाली. कॉव्हेंट्रीच्या रुग्णालयात पहिला नंबर मार्गारेट कीनन या नव्वद वर्षांच्या आजीबाईंचा लागला आणि त्यांच्यामागे एक्याऐंशी वर्षांचे विल्यम शेक्सपिअर नावाचे गृहस्थ. काकांनी ही बातमी कापून ठेवली. "बघा. नाव शेक्सपिअर, तरी दुसरा नंबर! याला म्हणतात शिस्त. आपल्याकडे नुसता 'साहेबांचा भाचा' आहे म्हटलं तरी मागच्या दारानं घेतात."

१२ जानेवारी २०२१ च्या पहाटे मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून लशीचे ट्रक नारळ फोडून निघाले आणि लोहगाव विमानतळावर गेले. मांजरी नदीच्या पलीकडे, लोहगाव आमच्या उत्तरेला, मध्ये आम्ही. काका गॅलरीत उभे राहून विमानांकडे बघत होते. "गोठा शेजारी, आणि दूध दिल्लीहून पिशवीत येणार!" डबा घेऊन थेट मांजरीला जाता येईल का, याची चौकशी करायला त्यांनी मुलाला खरोखर सांगितलं होतं.

१ मार्चपासून साठीच्या पुढच्यांसाठी लस खुली झाली. खासगीत २५० रुपये, महापालिकेकडे फुकट. प्रश्न पैशांचा नव्हता. खासगीत रांग लहान, म्हणून काका महापालिकेच्या केंद्रावर गेले. पहाटे पाचला, घडीचं स्टूल, थर्मास आणि शंभर पानी वही घेऊन. गेटवर रखवालदाराशिवाय कोणी नव्हतं. काकांनी वहीत समास आखला, '१' लिहून पुढे स्वतःचं नाव घातलं आणि वाट बघत बसले. सातपर्यंत वहीत चाळीस नावं झाली, वयासकट. कोणी चहाला गेला की काका नावापुढे टिंब देत. परत आला की टिंबाची बरोबरची खूण करत. उशिरा आलेल्या एका गृहस्थांनी "तुम्ही कोण लिहिणारे?" असं विचारलं. काकांनी मान वर न करता विचारलं, "एकेचाळीस नंबरला कोणाचं नाव लिहू?" गृहस्थांनी निमूटपणे नाव सांगितलं.

साडेनऊला ऑपरेटर मुलगी आली. "ऑनलाइन कोणाकोणाचं आहे?"

"आमचं वहीत आहे," काका म्हणाले.

मुलीनं वही बघितली, गर्दी बघितली, सर्व्हर उघडत नाही हेही बघितलं, आणि शहाणपणानं वहीप्रमाणे टोकन वाटले. पहिला डोस काकांना पहिल्या नंबरावर मिळाला. टोचल्यावर अर्धा तास बसायचं होतं. त्या खोलीत त्यांनी डाव्या दंडावर बोट धरून व्याख्यान दिलं: "१८९७ साली, १० जानेवारीला, हाफकिननं मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. जगात रांगेशिवाय लस मिळालेला एवढाच माणूस. त्यालाही ती स्वतः बनवावी लागली." मग कोण किती वाजता टोचून आला ते वहीत बघून, ते एकेकाला उठायची परवानगी देऊ लागले.

इथवर काकांचा विजय होता. पुढे खिडकीच सरकायला लागली. कार्डावर दुसरा डोस अठ्ठावीस दिवसांनी लिहिलेला. २२ मार्चला सरकारनं सांगितलं, सहा ते आठ आठवडे. ते भरत आले तोवर साठा संपला आणि केंद्राच्या दारावर 'आज लस उपलब्ध नाही' ही पाटी कायमची झाली. पुन्हा लस येऊ लागली आणि १३ मे रोजी जाहीर झालं, बारा ते सोळा आठवडे. उशिरा दिलेला डोस जास्त परिणामकारक ठरतो, असं मुलानं त्यांना अभ्यासांच्या हवाल्यानं समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असेल. पण साखर संपली की मधुमेहाचे अभ्यास नेमके तेव्हाच कसे येतात, एवढंच सांग."

दरम्यान अठरा ते चव्वेचाळीसवाल्यांची पाळी आली. २८ एप्रिलला दुपारी चारला सरकारच्या कोविन पोर्टलवर त्यांची नोंदणी सुरू झाली आणि लगेचच कोविन आडवं झालं. पुढे रोजचा उद्योग: मुलगा, सून, दोन लॅपटॉप, तीन मोबाइल, ४११०१४ हा पिनकोड आणि स्लॉट सुटल्याची टेलिग्रामवरची घंटा. घंटा वाजली की हिरवी चौकट दिसायची. तिला बोट लागेपर्यंत ती लाल व्हायची. ओटीपी त्यानंतर यायचा, सांत्वनाला आल्यासारखा. काका मागे खुर्ची टाकून बघत होते.

"आपल्या पुढे किती जण आहेत?"

"कळत नाही, बाबा."

"शेवटचा कोण आहे?"

"तेही कळत नाही."

"मग तू उभा कुठे आहेस?"

मुलाकडे उत्तर नव्हतं. काकांना त्या दिवशी मुलाची पहिल्यांदा खरी दया आली. आपण आयुष्यभर रांगेत उभे राहिलो. पण पुढच्याची पाठ तरी दिसत होती. दोन तास झाले की निदान चार पावलं सरकलोय, हे पायांना कळत होतं. इथं पाठ नाही, पावलं नाहीत, भांडायला कोणी नाही. ज्याचं बोट चपळ त्याचा नंबर पहिला. आणि ज्याच्याकडे बोट लावायला मोबाइलच नाही त्याचं काय, हे विचारायलाही खिडकी नाही.

त्याचं काय, ते मेच्या पहिल्या आठवड्यात दिसलं. मुलाला अखेर स्लॉट मिळाला तो नगर रोडनं तास-दीड तासावरच्या एका गावात. तेव्हा शहरातली पुष्कळ तरुण मंडळी अशीच जिल्हाभर फिरत होती. काकाही गाडीत बसले. आरोग्य केंद्राबाहेर एका बाजूला पुण्याच्या गाड्या, दुसऱ्या बाजूला लिंबाखाली गावकरी. चपला, पिशव्या, एक विळा अशा वस्तूंनी नंबर धरलेले. काकांचे डोळे भरून आले. अशी नीटस रांग त्यांनी कित्येक वर्षांत बघितली नव्हती. तेवढ्यात आतून निरोप आला: तरुणांचे डोस वेगळे, पंचेचाळीसच्या वरच्यांचे आज आलेच नाहीत. गावातल्या तरुणांचा नंबरही नव्हता, कारण यादीतली सगळी नावं खराडी, विमाननगर आणि मगरपट्ट्याची. "आमच्या गावात लस, आन् आमीच बघ्ये व्हय?" एक आजोबा म्हणाले.

आवाज चढायला लागला. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, माझं कन्फर्म आहे."

"हे लोक सकाळी सहापासून उभे आहेत. तू काल रात्री बसला होतास. गादीवर."

मुलानं लस घेतली. स्लॉट दुसऱ्याच्या नावावर करता येत नसे, त्याला इलाज नव्हता. पण निघण्याआधी काकांनी त्याला लिंबाखाली बसवलं आणि ज्या गावकऱ्यांची कोविनवर नोंदणी नव्हती त्यांची त्याच्याच फोनवरून करून घेतली. एका नंबरावर चार जण बसतात म्हटल्यावर घराघरातला एकेक मोबाइल मागवला. आधार कार्डं पिशव्यांमधून निघाली. क्रम अर्थातच चपलांचा. विळेवाल्याचा नंबर आला तेव्हा तो शेतावरून पळत आला.

जूनमध्ये काकांचा दुसरा डोस झाला. त्यानंतर लस मुबलक होत गेली, २१ ऑक्टोबरला देशाचे शंभर कोटी डोस झाले आणि नोव्हेंबरात 'हर घर दस्तक' म्हणत कर्मचारी घरोघरी जाऊन कोणाचा डोस राहिलाय का विचारू लागले. काकांना हे अजिबात रुचलं नाही. "घरी येऊन देतात म्हणजे माल खपत नाहीये," असा शेरा त्यांनी मारला.

मार्च २०२२ मध्ये साठीच्या पुढच्या सगळ्यांना तिसरा डोस खुला झाला. दुसऱ्या डोसनंतर थांबायचे काकांचे नऊ महिने तेव्हाच भरत होते. पहाटे पाचला स्टूल, थर्मास, वही. साडेनऊला केंद्र उघडलं. रांगेत काका एकटे.

"या काका," सिस्टर म्हणाल्या, "पण थांबावं लागेल. एका बाटलीत दहा डोस असतात. उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. दहा जण जमले की उघडते."

काकांनी चष्मा पुसला. आयुष्यात प्रथमच खिडकीच्या आतलं माणूस रांग मागत होतं.

ते उठले. सोसायटीच्या वॉचमनचा दुसरा डोस राहिला होता, त्याला आणलं. ब विंगमधलं साठीपुढचं एक जोडपं 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणत होतं, त्यांना लिफ्टपर्यंत चपला पुरवून आणलं. चौकातला चहावाला, बांधकामावरचे दोघे मिस्त्री, इस्त्रीवाल्याचे आईवडील, आणि 'लशीत काय असतं कोणास ठाऊक' म्हणणारे निवृत्त प्राध्यापक. प्राध्यापकांना त्यांनी एवढंच सांगितलं, "नऊ भरलेत. एकच जागा आहे. तुम्हाला नको असेल तर दुसऱ्याला देतो." प्राध्यापक बुशकोट घालून लगेच निघाले.

दहा नावं वहीत भरली, क्रमांक एकवर कोण ते सांगायला नको. सिस्टरनी बाटली उघडली. दहावी सुई टोचून होते न होते तोच दारात घामाघूम होऊन एक बाई आल्या. "संपली का हो?"

काकांनी नवं पान उलटलं, समास आखला आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "छे, छे! तुमचा तर पहिलाच नंबर लागलाय. आता फक्त नऊ जण घेऊन या."