डबल बेल

अमेरिकेतल्या मराठी घराच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं असतं. आमच्याही होतं. गणपतीचं मखर, बाथरूमच्या कामातून उरलेल्या फरशा, बर्फ उडवायचं यंत्र, मुलगा ज्यांच्यापेक्षा उंच झाला त्या सायकली आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून जपलेले पुठ्ठ्याचे खोके. गाडी बिचारी मिशिगनच्या थंडीत बाहेर कुडकुडायची. म्हणून नवऱ्यानं एका रविवारी सगळा पसारा भिंतीला रचला आणि गाडी आत घेतली, तेव्हा मला फार आनंद झाला. तो सोमवारपर्यंत टिकला. सोमवारी लिफ्ट आली.

माणसांची नव्हे, गाडी उचलायची. घरगुती, आवरून ठेवता येणारी. दोन लांब लोखंडी चौकटी, एक विजेवर चालणारा पंप, तेलाच्या नळ्या आणि दोरीला लटकणारं वर-खालीचं बटण. चौकटी दोन्ही बाजूंनी गाडीखाली सरकवायच्या, बटण दाबायचं, की मिनिटभरात गाडी साधारण दोन फूट वर. खांबांची मोठी लिफ्ट नवऱ्याला जास्त आवडली होती, पण ती काँक्रीटमध्ये बोल्टनं ठोकावी लागते आणि तिला अकरा-बारा फुटांचं छत लागतं. आमचं आठ फुटांचं. छतानं आम्हाला वाचवलं.

नवऱ्याचा हिशेब तयार होता. ऑइल बदलायला बाहेर शंभर-एक डॉलर लागतात, लिफ्ट पडली दीड हजाराला, म्हणजे पंधरा वेळा ऑइल बदललं की लिफ्ट फुकट. आमच्या गाडीचं ऑइल वर्षातून दोनदा बदलतात आणि ऑइलही कुणी फुकट देत नाही, हे मी मनातल्या मनात धरलं आणि मनातच ठेवलं. संसार टिकतात ते असल्या न बोललेल्या भागाकारांवर.

पण त्या वेळी सासू-सासरे इथे आलेले होते. बाबांची उभी हयात एसटीत गेली. आधी आगारात, मग दापोडीच्या वर्कशॉपमध्ये. ते चहाचा कप घेऊन गॅरेजच्या दारात आले आणि चौकटींकडे बराच वेळ बघत राहिले.

“हे कशाला?”

“गाडीखाली जायला, बाबा.”

“आगारात गाडी वर जात नाही. माणूस खाली खड्ड्यात उतरतो. गाडी आपली जमिनीवर उभी. जमीन काही मध्येच खाली बसत नाही.”

गॅरेजमध्ये खड्डा खणायची कल्पना नवऱ्याच्या डोळ्यांत चमकून गेलेली मला दिसली. मी घाईनं बिस्किटं आणली.

मग त्यानं हेन्री फोर्ड काढला. डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या माणसाकडे हा हुकमी एक्का असतो. फोर्डनंसुद्धा पहिली गाडी घरामागच्या शेडमध्येच बनवली, 1896 साली, नोकरी सांभाळून, रात्री जागून. बाबांनी ती शेड पाहिली होती. म्हणजे डिअरबॉर्नच्या ग्रीनफिल्ड व्हिलेजमध्ये तिची प्रतिकृती आहे, ती आम्ही त्यांना दाखवून आणली होती. आणि नेमकी उरलेली गोष्टही त्यांच्या लक्षात होती. गाडी तयार झाली तेव्हा ती दारातून बाहेर निघेना, शेवटी फोर्डनं कुऱ्हाडीनं विटांची भिंत फोडली.

“म्हणजे दार मोजलं नव्हतं त्यानं,” बाबा म्हणाले. “तू काय काय मोजलंयस?”

इथून पुढे ती लिफ्ट नवऱ्याची राहिली नाही.

पहिला प्रश्न वजनाचा. आमची अकॉर्ड सव्वातीन हजार पौंडांची. बाबांना पौंड पटत नाहीत, त्यांनी पावणेपंधरा क्विंटल केले, आणि मग जरा थांबून, “ज्वारीची पंधरा पोती. छातीवर.” लिफ्टची ताकद पाच हजार पौंडांची, तेव्हा काळजी नको, असं नवरा म्हणाला. बाबा म्हणाले, ताकद उचलायची झाली, धरून ठेवायची कुणाची?

हा प्रश्न मला आधी उगाच फाटे फोडल्यासारखा वाटला. पण त्यातच सगळी मेख आहे. गाडी उचलतं ते तेल. पंप ते नळीतून सिलिंडरमध्ये रेटतो आणि दट्ट्या वर जातो. ब्रामा नावाच्या संशोधकानं 1795 मध्ये इंग्लंडात ज्या युक्तीच्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं तीच ही युक्ती. पण नळी फुटली, सील गळालं, कुणाचं बोट बटणावर पडलं, की तेल आलं त्या वाटेनं परत जातं. म्हणून चौकटीला लोखंडी अडसर असतो. गाडी हवी त्या उंचीच्या थोडी वर न्यायची, अडसर लागला की पुन्हा जराशी खाली सोडून वजन त्या लोखंडावर टेकवायचं. मगच खाली शिरायचं. डिकीतल्या जॅकला असा अडसर नसतो. तो चाक बदलण्यापुरता. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, हे बाबा पोळी वाढून घेतानासुद्धा सांगायचे.

“शिवाय गाडीखाली आधाराला स्टँड लावू की,” नवरा म्हणाला. आणि मग, हुशार माणसं करतात तसं, स्वतःच्याच विरुद्धचा पुरावाही त्यानंच दिला. 2020 मध्ये अमेरिकेत असले लाखो स्टँड परत मागवले गेले होते, कारण त्यांचा खटका दात्यांत नीट बसत नव्हता आणि वजनाखाली स्टँड एकदम खाली येऊ शकत होता. बदली द्यायच्या नव्या स्टँडमधल्या एका मॉडेलच्या वेल्डिंगमध्ये खोट निघाली, मग तेही परत.

बाबांनी तोंडावर हात ठेवला. “दात असून धरत नाहीत, म्हणजे माझी कवळी.”

तरी स्टँड आलेच. चांगले, आडवी पिन घालायचे.

मग जागा. नवऱ्याला बाहेर ड्राइव्हवेवर उजेडात काम करायचं होतं. पण तो डांबरी आणि उतरता. उन्हात मऊ पडलेल्या डांबरात चौकट रुतली तर गाडी कलणार. बाबांनी साफ नाही म्हटलं. आतल्या काँक्रीटवर त्यांनी मुलाची गोटी सोडली, ती शांतपणे दाराकडे निघाली. टायरचं वितळलेलं बर्फ वाहून जावं म्हणून इथल्या गॅरेजना दाराकडे उतार देतात. मग पाणसळ आली, मग पुस्तिका आली, उतार चालण्याइतकाच आहे हे ठरलं, काँक्रीटला तडा नाही हे बॅटरीच्या उजेडात पाहून झालं. नवरा तोवर क्रीपरवर आडवा होऊन तयार होता. क्रीपर म्हणजे चाकं लावलेली फळी. दोन फुटांत उभं राहता येत नाही हे त्याला लिफ्ट आल्यावर कळलं होतं, पण तो विषय आमच्या घरी निघत नाही.

प्रत्यक्ष उचलायच्या दिवशी दोन्ही दारं सताड उघडी. मुलगा पिवळ्या चिकटपट्टीच्या पलीकडे. चौकटी आधी नुसत्याच वर-खाली करून नळ्यांतली हवा काढून झाली. बाबा उकिडवे बसून गाडीच्या कडेखाली हात फिरवत होते. दाराखालच्या पत्र्याला पुढे आणि मागे दोन-दोन खाचा असतात. त्यांच्या मधोमध रबरी ठोकळा यायला हवा. बोटभर इकडेतिकडे झालं तर पत्रा दुमडतो, नाहीतर गाडी घसरते. चारही ठोकळे त्यांनी हातानं चाचपून बसवले, आणि डोळ्यांनी पाहायला मला जमिनीवर झोपवलं.

आता हुकूम कुणी द्यायचा? पंपाच्या आवाजात नवरा ‘थांब’ला ‘थांबू?’ समजला तर काय घ्या. बाबांनी एसटीचा कायदा लावला. एक बेल थांबा, दोन बेल चला. बेल म्हणून देवघरातली घंटा ठरली, पण तेलकट हात घंटेला लागू द्यायला आई तयार होईनात, त्यामुळे कंडक्टर त्याच झाल्या. आतल्या दाराच्या पायरीवर, शाल घेऊन.

टिंग टिंग. गाडी उसासा टाकल्यासारखी उठली. टायर जमीन सोडतो तो क्षण बघण्यासारखा असतो, चाक पाय सोडल्यासारखं खाली लोंबतं. टिंग. वीतभर वर. बाबांनी बॉनेटला खांदा लावून गाडी चांगली गदागदा हलवली. “पडायचीच असेल तर आत्ता पडू दे, खाली कुणी नाही.” ठोकळे पुन्हा पाहिले. टिंग टिंग. मग दोन्ही बाजूंचा अडसर लागला, गाडी त्यावर टेकली, ठक्क. तो आवाज दोनदा यायला हवा. आईंना एकदाच ऐकू आला, म्हणून सगळं पुन्हा केलं.

ऑइल बदलायला फार वेळ लागला नाही. त्याचं वर्णनही करण्यासारखं नाही. काळं तेल गेलं, पिवळं आलं, आणि नवऱ्याच्या कानात थोडं गेलं.

उतरवताना खरी परीक्षा. आधी गाडी किंचित वर घेऊन अडसर मोकळे करायचे, तेही दोन्ही. एक बाजू मोकळी आणि एक अडकलेली राहिली तर गाडी कुशीवर वळते. बाबा डावीकडून ओरडले, “मोकळं!” मी उजवीकडून ओरडले, “मोकळं!” त्यांचा विश्वास बसला नाही. ते या बाजूला येऊन स्वतः पाहून गेले. मग मी त्यांच्या बाजूला जाऊन त्यांचा पाहून आले. बाबा खूश झाले. सून म्हणून माझ्यात असलेलं काहीतरी त्यांना पहिल्यांदाच दिसलं असावं.

बातमी समोरच्या नागपूरकरांपर्यंत गेली. ते त्यांची सिएना घेऊन आले. “काकाजी, आपली पण करून टाकू ना!” बाबा गाडीभोवती फिरले. सिएना रिकामीच साडेचार हजार पौंडांच्या वर, आणि रिकामी सिएना कुणी पाहिलेली नाही. मागचं दार उघडल्यावर तांदळाच्या गोण्या, घडीच्या खुर्च्या, ढोल-ताशा पथकाचा एक ढोल आणि मुलीचा सॉकरचा गोलपोस्ट निघाला. ते सगळं उतरवल्यावर वजन बसलं असतं. पण चाकांमधलं अंतर मोठं; पुढच्या खाचेखाली ठोकळा आणला की मागची खाच चौकटीच्या बाहेर. नवरा म्हणाला, मध्ये एखादी फळी टाकून... बाबांनी नुसतं पाहिलं. ढोल परत आत गेला.

शेवटी नागपूरकरांनी गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये नेली आणि बाबांना सोबत घेतलं. ग्राहकांना तिथे आत सोडत नाहीत. काचेपलीकडे खुर्च्यांवर बसायचं आणि पाणचट कॉफी प्यायची. बाबा बसले नाहीत. आत सिएना डोक्याच्या वर गेली, खाली एक दाढीवाला पोरगा शिरायला निघाला, तसं बाबांनी काचेवर टकटक केलं आणि दोन मुठी एकमेकींत अडकवून विचारलं, अडसर लागला का? पोरानं हसून अंगठा वर केला.

“अंगठा काय दाखवतोस,” बाबा काचेला म्हणाले, “अडसर दाखव.”