कुंभकोणमची पोळी

दारात पाऊल टाकलं आणि घरच्या मामी हात जोडून म्हणाल्या, "वांगो, वांगो!" सौ. माझ्या कानाशी लागली, "अहो, वांग्याची भाजी आहे वाटतं." 'वांगो' म्हणजे 'या', हे लेकीच्या मैत्रिणीनं नंतर सांगितलं. वांगी नव्हतीच.

आम्ही कुंभकोणमला गेलो होतो महामहमचा तलाव पाहायला. तिथला मोठा मेळा बारा वर्षांनी एकदा भरतो, मागचा २०१६ मध्ये झाला. आम्ही अर्थातच अधल्यामधल्या वर्षी पोचलो. लेकीच्या मैत्रिणीचं माहेर तिथलंच, म्हणून जेवायला बोलावणं आलं.

बसतो न बसतो तोच कॉफी आली. "घेणार का?" असं कुणी विचारलंच नाही, त्यामुळे "नको हो, आत्ताच झाली" हे आमचं घरंदाज वाक्य घशातच राहिलं. पेला ओठांना न लावता वरून प्यायचा असतो. निम्मी कॉफी माझ्या सदऱ्यानं प्यायली.

मग केळीचं पान. डाळ-भात-तूप आलं, अगदी वरणभात. मागोमाग सांबार-भात. आता पोळी येणार म्हणून मी पोटात जागा राखून बसलो, तर मामी रसम घेऊन हजर. मी पानावर हात आडवा धरला आणि नम्रपणे विचारलं, "पोळी?"

एवढा एकच शब्द त्यांना कळला, आणि तोही वेगळाच. तिकडे पोळी म्हणजे पुरणपोळी! पाहुण्यानं तोंडानं गोड मागितलं आणि घरात नाही, म्हणून मामींचा चेहरा एवढासा झाला. आत कुजबुज झाली, मामांनी पायात चपला सरकवल्या आणि भर उन्हात पिशवी घेऊन निघाले. मी मराठीत, हिंदीत आणि हातवाऱ्यांनी "राहू द्या" म्हणत होतो. तो त्यांनी माझा संकोच मानला.

तंजावरवर मराठ्यांनी १८५५ पर्यंत राज्य केलं. सांबार आपल्याच राजाच्या मुदपाकखान्यात जन्मलं, अशी दंतकथा आपण छाती फुगवून सांगतो. इतक्या वर्षांत साधी पोळी तेवढी कुणाला तिकडे रुजवता आली नाही.

रसम-भात झाला, ताक-भात झाला आणि मामा आले. तुपानं थबथबलेल्या चार पोळ्या माझ्या एकट्याच्या पानात पडल्या. सौ.नं दुसरीकडे पाहिलं. चारही संपवल्या. शेवटी पान आपल्या बाजूला दुमडलं; दिवसभरात तेवढी एकच रीत बरोबर जमली.

कुंभकोणमला गेलात आणि गव्हाची साधी पोळी हवी असली, तर 'चपाती' म्हणा.