डाव्या करंगळीची बाजू

बहुतेक लोक कीबोर्ड डोळ्यांनी विकत घेतात. कळांखाली निळेजांभळे दिवे लुकलुकताना दिसले की हात खिशाकडे वळलाच. हे दिवे कशासाठी, असं मी एका दुकानातल्या मुलाला विचारलं. "सर, अंधारातही टाइप करता येतं," तो म्हणाला. अंधारात उठून तातडीने लिहावं असं मराठीत सध्या काय चाललं आहे, ते मात्र त्याला सांगता आलं नाही.

साधी चप्पल घेतानाही आपण ती पायात घालून चार पावलं चालून बघतो. कीबोर्ड मात्र खोक्यावरचं चित्र पाहून घरी येतो, आणि त्यावर रोज आठ-आठ तास राबायचं असतं त्या दहा बोटांना कुणी काही विचारत नाही. (बहुतेकांची राबतात दोनच, ते असो.)

स्वस्तातल्या कीबोर्डात कळांखाली रबराचे घुमट असतात. काही शे रुपयांत काम भागतं, आवाज होत नाही, आणि काही काळाने नेमकी स्पेसबार रुसते. महागातला तो मेकॅनिकल. त्यात प्रत्येक कळीला स्वतंत्र स्विच असतो. चेरी नावाच्या कंपनीने या स्विचांना रंग दिले आणि बाकीच्यांनीही ते उचलले. लाल सरळ खाली जातो, तपकिरी मध्येच बोटाला किंचित अडतो, निळा अडतो आणि वर 'टक्' असं म्हणतोही. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये लोखंडी यंत्रं बडवून तयार झालेल्या पिढीला हा निळा फार आवडतो. अक्षर उमटल्याची पावती कानाला मिळाली नाही तर आपण लिहिलं हे त्यांना खरंच वाटत नाही. पण वन बीएचके फ्लॅटमध्ये रात्री अकरानंतर निळ्या स्विचवर लेख लिहायला बसाल तर पहिली प्रतिक्रिया संपादकाकडून येणार नाही, आतल्या खोलीतून येईल. अशा घराला तपकिरी बरा.

आकाराची निवड पेशावर सोडावी. हल्ली उजवीकडचे आकडे आणि वरची एफची रांग छाटलेले सुबक छोटे कीबोर्ड मिळतात. टेबलावर दिसतात छान. पण टॅलीवर बसणाऱ्या माणसाला तसला भेट देऊ नका. त्याचं पेमेंट एफ-फाइव्हवर, रिसीट एफ-सिक्सवर, विक्री एफ-एटवर, आणि रकमा उजव्या हाताच्या आकड्यांवर. मार्चअखेरीला त्याला दर नोंदीमागे एफएन दाबायला लावणं हे काही मित्राचं लक्षण नाही.

आता मराठीबद्दल, कारण खोक्यावर याविषयी अवाक्षर नसतं. इंग्रजीची क्वर्टी मांडणी शोल्स नावाच्या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या मिलवॉकीत टाइपरायटरसाठी केली. आपली इनस्क्रिप्ट भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण ठरवली, आणि ती मुळातच आपल्या वर्णमालेकडे बघून केलेली आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतांशी उजव्या. 'क'च्या कळीवर शिफ्ट दाबला की 'ख', 'ग'वर 'घ', 'प'वर 'फ'. बंगाली किंवा तमिळ निवडली तरी 'क' त्याच कळीवर. सरकारी कामात इतकी शहाणी गोष्ट क्वचित सापडते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

पण याचा एक परिणाम कीबोर्ड विकणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. व्यंजनं उजव्या हाताला, म्हणून त्यांचा शिफ्ट दाबायचा डाव्या करंगळीने. म्हणजे भाऊ, घर, धान्य, झोप, फोडणी, या सगळ्यांचा भार मराठी माणसाच्या डाव्या करंगळीवर. शिवाय 'ळ' आहेच, तोही शिफ्टशिवाय हलत नाही. इंग्रजीवाल्याला वाक्याच्या आरंभी आणि एखाद्या नावापुरता शिफ्ट लागतो. आपल्याला साधी भाकरी लिहायची तरी सुरुवात तिथूनच होते.

भाच्याने जर्मनीहून हौसेने आणलेला कीबोर्ड इथेच अडतो. त्यावर वाय आणि झेड यांची अदलाबदल असते, पण त्याने घाबरू नये. कीबोर्ड संगणकाला कळीची फक्त जागा कळवतो, तिथे अक्षर कोणतं उमटायचं ते संगणकात निवडलेली मांडणी ठरवते. न बघता लिहिणाऱ्याला वरची छपाई चिनी असली तरी फरक पडत नाही. खरी अडचण डाव्या शिफ्टची. युरोपी कीबोर्डावर तो आखूड असतो आणि त्याच्या शेजारी एक जादा कळ घुसवलेली असते. करंगळी सवयीने जाते शिफ्टकडे आणि पडते त्या उपऱ्या कळीवर. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या अमेरिकन पद्धतीच्या कीबोर्डावर डावा शिफ्ट ऐसपैस असतो. मराठीसाठी तोच घ्यावा, भाच्याचा फडताळात जपून ठेवावा आणि तो सुट्टीवर आला की टेबलावर मांडावा.

बिनतारीचं थोडक्यात. ब्लूटूथवाले कीबोर्ड दोन-तीन यंत्रांना एकदम जोडता येतात, ही सोय आहे तसाच धोकाही. साहेबांविषयीचं आपलं मत बायकोच्या टॅबलेटवर उमटलं तर निभावतं, उलट झालं तर कठीण. एका जागी बसून काम करणाऱ्याने मुकाट्याने वायर घ्यावी. मॅकवर चालवायचा असेल तर ऑल्ट आणि विंडोज या कळांच्या जागा तिथे उलट भासतात, तेव्हा दोन्हींची सोय असलेला पाहावा.

आणि मागचे ते दोन पाय. कीबोर्ड आणला की पहिलं काम म्हणून ते उघडायची आपल्याकडे पद्धत आहे. ते उघडले की मनगट वर मोडतं. मनगट सरळ राहणं चांगलं, म्हणून ते मिटलेलेच राहू द्या.

राहता राहिली परीक्षा. दुकानात जाताना आपला लॅपटॉप सोबत न्या, पसंत पडलेला कीबोर्ड त्याला जोडा, इनस्क्रिप्ट चालू करा आणि 'झाडाखाली ठेवलेली फळं' एवढंच लिहा. तीन शब्दांत पाच वेळा डावा शिफ्ट लागतो. करंगळीने पाचही वेळा तक्रार केली नाही तर पैसे द्या, दिवे असोत वा नसोत.