स्विमिंग पूलचे डाग : नवख्या कमिटी मेंबरांसाठी प्राथमिक धडे

अभिनंदन! परवाच्या सर्वसाधारण सभेत तुम्ही ‘त्या पूलचं काहीतरी करा’ असं म्हणालात. सभेत जो तोंड उघडतो, काम त्याच्याच गळ्यात पडतं. घोडबंदर रोड असो, कल्याण असो की डोंबिवली, सहकाराचा हा नियम सगळीकडे सारखाच. त्यातून तुमच्या बिल्डरने टाइल्सचा खर्च वाचवून आतून पांढऱ्या सिमेंटचं प्लास्टर केलं असेल, तर पुढची काही वर्षं तुम्हाला विरंगुळा आहे.

साहित्य : लांब दांड्याचा नायलॉनचा ब्रश, पीएच आणि क्लोरीन तपासायचं किट, क्लोरीनची एक गोळी, रबरी हातमोजे, लिमसीची, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची, एक स्ट्रिप आणि एक दोनशे पानी वही.

पायरी १ : डागाची जात ओळखा. डोंबिवलीकर रंगाला सहसा घाबरत नाहीत. जानेवारी २०१४ मध्ये तिथे हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. तरी ‘हवेतूनच आलं असेल’ म्हणून हात झटकू नका. हातमोजा घालून क्लोरीनची गोळी डागावर थोडा वेळ धरा. डाग फिकटला, तर तो कुजलेल्या पानांचा. नाही फिकटला, तर लिमसीची गोळी ओली करून चोळा. मिनिटाभरात खालचं पांढरं दिसू लागलं, तर लोखंड. लिमसी सर्दीवर चालते की नाही यावर दुमत असेल, लोखंडाच्या डागावर नाही.

हे लोखंड बहुतेकदा बोअरच्या पाण्यातून येतं. टँकरमधून पडताना पाणी स्वच्छ दिसतं, कारण लोखंड त्यात विरघळलेलं असतं. क्लोरीन पडलं की त्याचा गंज होतो, पाण्याचा कटिंग चहा होतो आणि मग तो चहा पायऱ्यांवर, कोपऱ्यांत बसतो.

पायरी २ : डागाची वंशावळ काढा. हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. एका कमिटीच्या काळात शेवाळ धरलं, म्हणून तिने मोरचूद टाकलं. शेवाळ गेलं, तांब्याचा निळसर हिरवा डाग राहिला. पुढच्या कमिटीने तो तारेच्या ब्रशने घासून घेतला. ब्रशच्या तुटलेल्या तारा प्लास्टरमध्ये रुतल्या, गंजल्या आणि लाल ठिपके उठले. तिसऱ्या कमिटीने त्यांच्यावर ॲसिड ओतलं. ठिपके गेले, पण प्लास्टर खरखरीत झालं. आणि खरखरीत प्लास्टरवर शेवाळ कसं छान धरतं! म्हणजे तुमच्यासमोर आहे तो नुसता डाग नाही, मागच्या कमिटीचा उपाय आहे.

पायरी ३ : ॲसिडवाल्या काकांना थोपवा. बाथरूमच्या फरश्या चकचकीत केल्याच्या अनुभवावर ते बोलत असतात. फेस आला की म्हणतील, ‘बघा, मळ निघतोय!’ निघत असतं ते सिमेंट. आणि एक गोष्ट थट्टेवारी नेऊ नका : ॲसिड आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही एका खोलीतसुद्धा ठेवू नका.

पायरी ४ : प्रत्यक्ष काम. पूल बंद ठेवा आणि क्लोरीन जवळजवळ शून्यावर उतरू द्या. नाहीतर क्लोरीनच क जीवनसत्त्व फुकट खाऊन टाकेल. मग पंप चालू ठेवून ॲस्कॉर्बिक ॲसिडची, म्हणजे क जीवनसत्त्वाचीच, पावडर कडेकडेने टाका : साधारण ४०,००० लिटरला अर्धा किलो. म्हणजे लाखभर लिटरच्या पूलला सव्वा किलो. तेवढ्यासाठी ५०० मिलिग्रॅमच्या अडीच हजार गोळ्या आणल्यात तर केमिस्ट आणि खजिनदार दोघेही तुमच्याकडे संशयाने बघतील, पावडरच आणा. डाग उतरला की धातू धरून ठेवणारं रसायन घाला, पीएच ७.२ ते ७.६ वर आणा आणि मगच क्लोरीन हळूहळू वाढवा. घाई केलीत, तर सुटलेलं लोखंड पुन्हा मुक्कामाला येतं.

पायरी ५ : पूल रिकामा करण्याचा मोह आवरा. पावसाळ्यात तर नकोच. जमिनीखालचं पाणी चढलेलं असतं. वरून दाबायला पाणी नसलं, तर ते अख्खी टाकी उचलू किंवा तडकवू शकतं. उन्हाळ्यात रिकामी केलीत, तर भरायला दहा हजार लिटरचे दहा टँकर लागतील. घरच्या नळाला पाणी नसताना ते गेटमधून आत आले, की पुढची सभा किती वाजता संपेल हे सांगता येत नाही. शिवाय त्या टँकरांतून लोखंडही परत येणारच. म्हणून नवीन पाणी घेण्याआधी बादलीभर काढा, चिमूटभर टीसीएल टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी तांबडं बसलं, तर टँकर परत पाठवा.

पायरी ६ : वही. काय टाकलं, किती टाकलं, कधी टाकलं, कुणाच्या सांगण्यावरून टाकलं, ते लिहा आणि सही करा. शेवटच्या रकान्याला सगळे हरकत घेतील, म्हणून तो ठेवाच. कमिटीची मुदत संपली की वही पुढच्या कमिटीला पोच घेऊन द्या. नाहीतर दोन वर्षांनी कुणीतरी नवखा मेंबर तुमच्या डागावर लिमसी चोळत बसलेला असेल आणि त्याच्या मागे काका उभे असतील, हातात ॲसिडची बाटली घेऊन.